बिनमिठाची रोटी

आईनं मासळीचं ताट भट्टीवर भाजायला दिलं होतं. रात्रीच्या नमाजानंतर मी ते आणायला गेलो. जानेवारीतला शेवटचा गुरुवार होता. अशा रात्री मोरोक्कोतल्या आमच्या असिलात समुद्र तटबंदीवर आपटत असतो आणि गल्ल्यांत मांजरसुद्धा दिसत नाही.

"अजून व्हायचंय, बस," भट्टीवाले म्हणाले, ज्यांना सगळी गल्ली बा म्हणते. माझा चुलतभाऊ नौमान चहाचा पेला धरून आधीच दाराकडे तोंड करून बसला होता. मीही त्याच्याशेजारी टेकलो. फळ्यांची मांडणी रिकामी होती. घराघरांतून कच्च्या रोट्या फळीवर ठेवून इथं भाजायला येतात त्या सकाळी.

"आले फ्रान्सवाले," नौमान म्हणाला. "बा, हा कंपनी बुडवायला निघालाय."

मी फोन पुढे केला. आमची वरची खोली मी पाहुण्यांसाठी भाड्यानं ॲपवर लावली होती. एकाचा निरोप आला होता: बुकिंग रद्द करा, पैसे हातात देतो, मधल्यांना कशाला खाऊ घालायचं?

"बरोबरच आहे त्याचं," मी म्हणालो. "खोली आपली, चादरी आई धुते, आणि कुठेतरी लांब बसलेले लोक दोन्हीकडून कापून घेतात. आपण शब्दावर व्यवहार करायला शिकलं पाहिजे. आपल्याकडे शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"उत्तर दिलंस?" बांनी विचारलं.

"लिहितोय."

"थांब जरा. बुरुजापाशी बूसल्हामचं घर आहे ना, खिळे मारून बंद केलेलं?"

"ते बहिणीकडे लारेशला गेले ना?"

"का गेला, ते तुला ठाऊक नाही. तू तेव्हा तिकडे फ्रान्सात पुस्तकं वाचत होतास." त्यांनी ताट निखाऱ्यांच्या बाजूनं फिरवलं आणि खाली बसले.

"बूसल्हाम माझा लहानपणापासूनचा दोस्त. कंबर गेली तशी त्यानं होडी विकली. मग घर चालायचं बायकोवर. झोहरा दर वर्षी ह्याच दिवसांत स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला जायची. उन्हाळ्यात यायची ती पाठ वाकवून. त्याला ते लागायचं रे. म्हणून त्यानं वरची खोली स्वतः निळी रंगवली, ॲपवर लावली. पण हिवाळ्यात कोण फिरकतंय? तीन वर्षांपूर्वी, असाच गुरुवार. झोहराची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. आणि रात्री एक पाहुणा आला. म्हातारा. दोन रात्रींचं बुकिंग होतं. बोलायला असा गोड, की जणू घरचाच.

"'भाऊ,' तो म्हणाला, 'कंपनीला कशाला मध्ये घेता? रद्द करून टाका. मी हिवाळाभर राहतो. दर हिवाळ्याला येईन. खोली माझी म्हणा, शब्द पुरे.' बूसल्हामनं त्याच्यासमोरच रद्द केलं. शब्द दिला. बायकोला हाक मारली, 'झोहरा, पिशवी सोड.' ती उभ्या उभ्या रडली. मग फोन करून स्पेनच्या कामावरची आपली जागा शेजारणीला देऊन टाकली.

"आता किल्ली देण्याआधी आपण रोटी आणि मीठ पुढे ठेवतो. रोटी त्यानं घेतली. मिठाची वाटी एका बोटानं बाजूला सारली. 'डॉक्टरनं बंद केलंय,' म्हणाला."

नौमानचा पेला ओठांशीच थांबला. जिनांच्या घरी बिनमिठाचं शिजतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"तरी किल्ली दिली?" त्यानं विचारलं.

"गावातले निम्मे म्हातारे मीठ खात नाहीत. माझंही बंद आहे. त्याला तसंच वाटलं... आणि तसंच वाटून घ्यायचं होतं. बायको घरी राहणार होती ना.

"दुसऱ्या दिवसापासून झोहराच्या फळीवर, खोलीचा निळा रंग उडालेल्या त्या फळीवर, एक रोटी जास्त यायला लागली. तिच्या रोट्यांवर तीन बोटांची खूण असायची. ह्या बिनमिठाच्या रोटीवर एकाच बोटाचा खड्डा, गोंधळ नको म्हणून. ती रोटी वरच्या दाराशी ठेवायची. सकाळी नसायची. माणूस मात्र दिसायचा नाही. जिन्यावर पाऊल नाही. नळाचा आवाज नाही. महिना झाला तसं बूसल्हामनं दार वाजवलं. दुसऱ्या किल्लीनं उघडलं. गादीवर सुरकुती नाही. खिडकीच्या कट्ट्यावर रोट्या रचलेल्या. दगडासारख्या. एकीचाही तुकडा मोडलेला नाही."

"पळाला," मी म्हणालो.

"बूसल्हामही तेच म्हणाला. बाजारात शिव्या देत फिरला, की गोड बोलून फसवलं. मग खोली परत ॲपवर लावली. एक जोडपं आलं. मध्यरात्री दोघं खाली. पायात चपला नाहीत. बाई म्हणाली, पलंगावर आधीच कुणी झोपलंय. म्हातारा आहे. म्हणतो, मालकानं शब्द दिलाय, हिवाळाभर खोली माझी... आणि भिंतीकडे कूस पालटली.

"बूसल्हाम वर गेला. कोणी नव्हतं. उशीवर डोक्याचा खड्डा होता. हात लावला. ओल्या वाळूसारखा गार.

"पुढचे पाहुणे आले. तेच.

"त्याच्यापुढचे. तेच."

बाहेर लाट आपटली.

"कंपनीला कळवलं. त्यांनी बघितलं आणि सांगितलं, असा कोणी तुमच्याकडे राहिलाच नाही, बुकिंग तुम्हीच रद्द केलंय. पोलिसांनीही हेच विचारलं, कोण म्हातारा? जो कुठेच नाही त्याला बाहेर कोण काढणार? पाहुण्यांच्या तक्रारी वाढल्या, खोली ॲपवरून उतरली. मग बूसल्हाम एका रात्री एकटाच वर जाऊन बसला. दिवा लावला नाही. म्हणाला, 'तुला घरात घेतलं. तुझ्यासाठी बायकोनं वेगळं पीठ मळलं. का फसवलंस?'

"...

"भिंतीकडून आवाज आला. तसाच गोड. 'भाऊ, मी कुठे फसवलं? मी शब्द पाळतोय. माझ्या खोलीत माणसं तुम्ही आणलीत.'

"बूसल्हाम उठून दारापाशी सरकला.

"'आणि मीठ म्हणाल... ते मी खाल्लेलं नाही.'"

नौमाननं पेला खाली ठेवला.

"आणि झोहरा?" मी विचारलं.

"पुढच्या हिवाळ्यात तिनं पिशवी भरली. मी तिथंच होतो. ती म्हणाली, 'मी पिशवी सोडली ती तुमच्या शब्दावर. तो तुम्ही परक्याला देऊन बसलात. मला काय उरलं?' उन्हाळा आला. बाकीच्या बायका परतल्या. ती आली नाही. तिकडेच राहिली. बूसल्हामनं दाराला खिळे मारले आणि गेला."

बा उठले. ताट बाहेर काढून माझ्यापुढे ठेवलं. मासळीचा वास सुटला होता, पण भूक गेली होती.

"बा, हे अंधश्रद्धेचं..." मी सुरू केलं. फोनवर अर्धं लिहिलेलं उत्तर उजळलेलं होतं. 'चालेल, आपल्या दोघांत शब्द...' इथपर्यंत लिहून झालं होतं.

"पुसतोस की पाठवतोस?" बांनी विचारलं.

मी पुसलं. मग त्या पाहुण्याला विचारावंसं वाटलं, तुम्ही मीठ खाता का? विचारलं नाही.

"बा..." नौमान म्हणाला.

तो उंबऱ्याकडे बघत होता. आम्ही दोघं सगळा वेळ त्याच दाराकडे तोंड करून बसलो होतो. कोणी आलं नव्हतं.

उंबऱ्यावर फळी होती. कडेला निळ्या रंगाचे जुने थेंब. फळीवर एकच कच्ची रोटी.

बांनी कंदील उचलला. गल्ली बुरुजापर्यंत रिकामी होती. त्यांनी फळीला हात लावला नाही. मीही नाही. नुसतं वाकून पाहिलं.

पिठात एकाच बोटाचा खड्डा होता. आम्ही बघत असताना तो हळूहळू वर येत होता... बोट आत्ताच काढल्यासारखा.