शांताबाईंची सही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, साकेत. आणि उर्वी, तो मोबाइल पालथा ठेव. ही काही ऐकीव गोष्ट नाही. अर्धी मी डोळ्यांनी पाहिलीय, उरलेली ज्याच्यावर गुदरली त्याच्या तोंडून ऐकलीय. तो म्हणजे आमचा त्र्यंबक. वागळे इस्टेटला एकाच कंपनीत आम्ही तीस वर्षं काढली, तो टूलरूममध्ये, मी स्टोअरला. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीला घरी बसून जुनी शाईची पेनं दुरुस्त करायचा. पेन हातात घेतलं की आधी अर्धा तास तुम्हालाच झाडायचा, की बाबा रे, याचे काय हाल केलेत.

तर दोन हजार तेवीसचा नोव्हेंबर. इथे वर्तकनगरला आमच्या खालच्या मजल्यावर शांताबाई गायकवाड राहायच्या. त्यांचे मिस्टर, देवराम, वर्षभरापूर्वी गेले होते. फॅमिली पेन्शन चालू राहायची तर नोव्हेंबर संपायच्या आत बँकेत हयातीचा दाखला भरून त्यावर सही करावी लागते. आणि सही म्हणजे शांताबाईंचा जीव की प्राण. बाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चाळिशीत देवरामनी रोज रात्री शेजारी बसून, त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवून, सही गिरवून घेतली. एकाच पेनाने. ते गेले आणि त्यानंतर काही महिन्यांत पेनही बंद पडलं. बँकेतल्या बॉलपेनने करायला गेल्या, तर हात थरथरून नुसत्या रेघोट्या. तिथला मुलगा चांगला होता बिचारा. म्हणाला, आजी, अंगठा द्या, चालतो.

त्या तशाच उठून घरी आल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, अंगठा मी देणार नाही. पेन्शन गेली तर जाऊ दे. त्यांनी मला एवढ्यासाठी शिकवलं नव्हतं."

मग मीच ते पेन घेऊन डोंबिवलीला गेलो. बुधवार, एकोणतीस तारीख, संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. त्र्यंबकला सगळी हकीकत सांगितली. त्याने पेन उजेडात धरून पाहिलं, म्हणाला, शाई आत वाळून दगड झालीय, सकाळी ये, चालू करून ठेवतो. सुहासिनीवहिनी बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे घरात तो एकटाच.

रात्री जेवणाच्या टेबलावर त्याने पेन खोललं. निब आणि तिच्या खालची जीभ कोमट पाण्यात टाकली. निळं झालेलं पाणी ओतायचं, नवं घ्यायचं. अकरापर्यंत पाणी नितळ झालं. इथवर सगळं ठीक होतं. मग त्याने भिंगातून निब पाहिली. टोक एका बाजूने तिरकं झिजलेलं. टूलरूमचा माणूस तो, झिजलेलं दिसलं की हात शिवशिवणारच. घेतला पॉलिश पेपर आणि टोक घासून सरळ केलं. अरे, बाईंची सगळी सही त्या झिजेवर उभी होती. गाढवाने चांगलं करायच्या नादात नेमकं तेच पुसून टाकलं.

शाई भरली. पावणेबारा वाजले होते. पेन चालतं का बघायला स्वतःचं नाव लिहायला घेतलं. 'त्र्यं' झालं. पुढे हात जाईना.

त्याला वाटलं, मुंग्या आल्या. मग जाणवलं. मुठीवर वजन होतं. दुसरी मूठ. ओली. गार.

खोलीत कोणी नाही.

हात हलायला लागला. त्याचाच हात, पण तो हलवत नव्हता. कागदावर 'शां' आलं... मग 'ता'. अक्षर वेडंवाकडं. निब सरळ झालेली, ओळखच गेलेली. पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच. दरवेळी ती मूठ जास्त आवळायची. बोटांची हाडं दुखायला लागली.

त्र्यंबक भित्रा नाही रे.

कोण आहे, असं त्याने विचारलंच नाही. म्हणाला, "चुकलो. सरळ करायला नको होती. पहिल्यासारखी करून देतो... हात सोडा."

मूठ सुटली नाही. नुसती सैल झाली.

पहाटे चारपर्यंत तो निब पुन्हा तिरकी घासत बसला. एकटा नाही. कोन चुकला की वजन वाढायचं. बरोबर लागला की कमी व्हायचं. चारला कागदावर 'शांताबाई' उमटलं. स्वच्छ. मग हात हलका झाला.

सकाळी दारातच उभं राहून त्याने हे सांगितलं आणि पेन माझ्या हातात कोंबलं. चहासुद्धा विचारला नाही. खरं सांगतो, मला वाटलं जागरणाने याचं डोकं फिरलंय. शांताबाईंना मी यातलं अवाक्षरही बोललो नाही.

बाराच्या सुमारास बँकेत गेलो. बाईंनी टोपण काढलं. हात थरथरत होता. निब कागदाला टेकली...

थरथर थांबली.

सावकाश, एकेक अक्षर. त्या मुलाने जुन्या सहीशी ताडून पाहिलं, मान डोलावली. काम झालं होतं. पण बाई उठेनात. हात तसाच कागदावर. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. त्यांनी उजवीकडे मान वळवली. तिकडे कोणी नव्हतं. अगदी हळू म्हणाल्या, "झाली. सोडा आता."

मग हात उचलला. मुठीच्या पाठीवर निळ्या शाईचे चार ठसे होते. बोटांचे. रुंद, पुरुषाच्या बोटांचे. पेन गळत नव्हतं, मी स्वतः पाहिलं. त्या मुलाला वाटलं शाई सांडली, त्याने पुसायला फडकं पुढे केलं.

शांताबाईंनी हात पदराखाली घेतला. "राहू दे, बाळा," म्हणाल्या.