तळ्याचं पान

हस्ताची सर आली तशी गेली आणि धामापूरच्या तळ्याच्या पायऱ्यांवर ओलं ऊन पडलं. मथुरा परब भगवतीच्या देवळात फुलांची परडी ठेवून परत निघाली होती. एवढ्यात एक परका तरुण वाटेत आडवा आला. हातात छत्री, पण ती मिटलेली. आणि स्वतः नखशिखांत भिजलेला.

"जरा विचारायचं होतं... इथे धामापूरकरांचं घर कुठे आहे?"

मथुरेने तोंडाला पदर लावला, तरी हसू काही लपलं नाही.

"धामापुरात धामापूरकर कोण नाय."

"असं कसं? आमचे खापरपणजोबा इथलेच."

"तेच तर. हय रवतत ते परब, सावंत, गावडे. गाव सोडून गेलो तो धामापूरकर झालो. तुमका परत येवक बराच उशीर झालो."

तो हसला. हसताना त्याच्या केसांतलं पाणी नाकावरून ओघळलं, आणि मथुरेला उगाचच वाटलं की ही वाट आज थोडी लांब असती तर बरं झालं असतं.

त्याचं नाव गुरुदास. बेळगावला शाळेत मास्तर. घाटावर गेलेल्या या घराण्याला आपलं मूळ आडनाव ठाऊक नव्हतं. लग्नाचं बोलणं निघालं की मुलीकडचे विचारत, "मूळ कूळ कोणतं?" आणि बोलणं तिथेच मोडे. शेवटी आईने नवरात्राच्या सुट्टीत त्याला बजावून पाठवलं होतं, कूळ शोधल्याशिवाय परत यायचं नाही.

"म्हणजे बायलेसाठी आडनाव सोदतास?" मथुरेने विचारलं.

"आधी आडनाव, मग बायको."

"उलटा झाला तर?"

यावर मास्तरांनी पाऊस नसताना छत्री उघडली.

तो शाळेच्या पडवीत उतरला. मथुरा त्याला घरोघर घेऊन जाई. परका माणूस, वाट चुकेल, हे निमित्त. वाट मुळीच चुकण्यासारखी नव्हती. म्हातारी माणसं पूर्वजांची नावं आठवत बसत आणि हे दोघं ओसरीच्या दोन टोकांना बसून एकमेकांकडे न बघण्याचा अभ्यास करत. दोघंही त्यात सपशेल नापास होत होते. मथुरा त्याच्या प्रेमात पडली होती, आणि हे तिला स्वतःलाही कळलेलं होतं.

दसऱ्याला तिच्या वडिलांनी, दत्तारामांनी, त्याला जेवायला बोलावलं. मथुरेच्या आत्याने, काशीबाईंनी, पहिलं पान वाढलं आणि कोणाला न देता तुळशीपाशी नेऊन ठेवलं. तळ्याचा मान म्हणून ते पान नंतर पाण्यात सोडायचं, ही या घरची रीत. गुरुदास ते बघतच राहिला.

"आमच्याकडेही पहिलं पान बाजूला काढतात. तळं नाही, म्हणून आई ते विहिरीपाशी ठेवते. याला आम्ही तळ्याचं पान म्हणतो."

दत्ताराम पाटावरून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ही रीत अख्ख्या गावात फक्त आमच्या घराची. अरे झिला, तू आमच्याच भावकीतलो! परब तू. मथुरा, हो तुझो भाव गो."

मथुरेच्या हातातली कढीची वाटी पाटावर कलंडली. गुरुदासला कूळ मिळालं होतं, आणि त्याने हातातला घास परत पानात ठेवला. एकाच कुळातली मुलं म्हणजे बहीणभाऊ. तिथे लग्नाचा विषयच संपला. दत्ताराम मात्र गावभर सांगत सुटले.

दुसऱ्या दिवशी देवळात समाराधना होती. वडाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या. परबांचं देवक वड, आणि देवकाच्या झाडाचं पान जेवायला घ्यायचं नाही, की त्याची काडी जाळायची नाही, म्हणून ते आपापली केळीची पानं घेऊन आले होते. मथुरा डोळे खाली घालून वाढत वाढत गुरुदासपाशी आली आणि थबकली. तो वडाच्या पत्रावळीवर निवांत भात कालवत होता.

"ह्या पानार जेवतास तुमी?"

"का? आई घरी हीच पानं लावते. फक्त उंबराची काडी चुलीत घालू देत नाही. आमच्यात चालत नाही म्हणते."

मथुरेने भाताचं ताट तिथेच ठेवलं आणि थेट आत्याकडे धाव घेतली.

"आत्ये, ह्येंचा देवक उंबर आसा. मग हे परब कसे?"

काशीबाईंनी शांतपणे गुरुदासकडे बघितलं, मग भावाकडे.

"नायच तो परब. आमच्या घरातली एक चेडू, परबांची लेक, घोवाबरोबर घाटार गेली, असा माझी आत्या सांगी. तिचो घोव घरजावई होतो. देवक बापाशीकडसून येता, रांदपा-जेवणाची रीत आवशीकडसून. तळ्याचा पान तीच घेवन गेली."

"मगे आदी कित्याक सांगूक नाय?" दत्ताराम.

"माका कोणी इचारल्यान? तुमी झिलांचीच नावां मोजीत बसलास. आणि भाव गावलो म्हणान नाचताना देवक इचारूचा तुका सुचला नाय."

दत्ताराम डोकं खाजवत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"म्हणजे हो आमचो भाचो... आणि मामाच्या चेडवार पयलो हक्क भाच्याचो."

पंगत हसली. मथुरा तिथून पळाली ती तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन थांबली. गुरुदास मागोमाग आला, उष्टा हात तसाच.

"मूळ आडनाव काही सापडलं नाही," तो म्हणाला. "आजोळ तेवढं सापडलं."

"मगे आता आवशीक काय सांगतलास?"

"सांगेन, आडनाव नाही, पण सून मिळाली... तुझी हरकत नसेल तर. कालपासून मला जेवण गेलेलं नाही, मथुरा."

"आत्ता बरे जेवत होतास," ती म्हणाली, आणि मग हसता हसता रडली. "माकाय जावक नाय."

मार्गशीर्षात लग्न झालं. बेळगावच्या गाडीत बसताना तिने तळ्याच्या दिशेने एकदा हात जोडले. जन्मभर ज्या गावात राहिली, तिथे तिला कधी कोणी धामापूरकर म्हटलं नव्हतं. आता गाव सुटलं आणि ती धामापूरकर झाली.