माघारी राहिलेली

दर ऑगस्टात गिलेन तीन आठवडे माहेरी यायची, हे एक्केचाळिसावं वर्ष. आयर्लंडात तिनं लॉन्ड्री चालवली, चार पोरं वाढवली, नवऱ्याला माती दिली. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर मांजरसुद्धा जात नसे. शाळेत ती फार गेली नव्हती, पण माणूस तोलायला पाटी-पेन्सिल थोडीच लागते.

यंदा विमान, दोन आगगाड्या आणि वर बस एवढं करून ती फ्रान्समधल्या कांतालच्या डोंगरातल्या आपल्या गावी उतरली, तेव्हा पायांत गोळे आले होते. नेहमीपेक्षा आठ दिवस आधी आली होती, न कळवता. परतीचं तिकीट काढलंच नव्हतं. नवरा गेला, पोरं आपापल्या वाटेला लागली. उरलेली वर्षं जन्मल्या घरात काढायची, असं तिनं ठरवलं होतं. घर अर्धं तिचंच. थोरल्या बहिणीला, ओदेतला, सांगायचं तेवढं राहिलं होतं. आणि जिनं आजवर कुणापुढे शब्द गिळला नाही, तिच्या तोंडून ते एक वाक्य काही निघेना.

ओदेतनं लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आणि दोन्ही गोष्टी ती धाकटीला कधी विसरू देत नसे. दारात गिलेनला पाहून ती हसली नाही. आठ दिवस आधी कशी, एवढंच विचारलं, आणि घाईनं वरची खोली आवरायला गेली.

सकाळी दहाला पावाची गाडी चौकात येऊन भोंगा वाजवू लागली. गिलेन पिशवी घेऊन गेली. गाडीवाली मादाम रूक नवीन होती, गेल्या हिवाळ्यात फेरी तिच्याकडे आलेली. गिलेनला तिनं कधी पाहिलेलं असायचं कारण नव्हतं. पण न विचारताच तिनं दोन पाव काढले, एक मऊ आणि एक पार काळपट भाजलेला.

"मऊ तो ओदेतबाईंचा, करपलेला तुमचा. रोज कसा चावता हो मादाम गिलेन, हे लाकूड?"

कडक पावाची आवड गिलेनला लहानपणापासूनची, हे खरं. पण ओदेतच्या तोंडात दात नव्हते. मग वर्षभर हा पाव खात कोण होतं? घरी येऊन विचारलं तर ओदेत म्हणाली, पाखरांना घालते. ही बाई कधी कोंबडीलासुद्धा जास्तीचा दाणा टाकत नसे.

दुपारी जेवायला बसल्यावर गिलेननं खणातून आपला रुमाल काढला. त्या घरात ज्याचा त्याचा जेवणाचा रुमाल वेगळा, नाव कोरलेल्या लाकडी कड्यात गुंडाळून ठेवलेला. आठवडाभर तोच वापरायचा, रविवारी धुवायचा. दर ऑगस्टला तिला आपला रुमाल कोरा, इस्त्रीचा मिळे. आज तो ओलसर होता. डाव्या कोपऱ्याला आलुबुखाराच्या मुरंब्याचा डाग होता, बोट लावलं तर चिकट. गिलेन डावखुरी, ती नेहमी त्याच कोपऱ्यानं तोंड पुसायची.

तिनं रुमाल मांडीवर पसरला. भांडायचंही त्राण नव्हतं.

मागच्या दाराशी बागेतले तिचे जुने लाकडी बूट होते, सावलीत. संध्याकाळी घेवडा तोडायला म्हणून तिनं पाय घातला. बूट आतून कोमट होते, नुकताच कुणी पाय काढावा तसे.

चौथ्या दिवशी ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फळ्या लावल्या होत्या. घरात तळ्याच्या तळासारखा हिरवट अंधार होता. दोघी घेवडा सोलत बसल्या होत्या.

"इथं कोण राहतं गं?" गिलेननं विचारलं.

ओदेतचे हात थांबले नाहीत. ती सांगू लागली, जणू शेजारणीची गोष्ट. तू गेलीस त्यानंतर आई रोज तुझं ताट मांडायची. वाढायची आणि रडायची. मी चिडायचे. सहा महिने असंच चाललं. मग एक दिवस ताट पुसून खाल्लेलं दिसलं. आईनं डोळे पुसले, आणि पुन्हा कधी रडली नाही.

"कुणी खाल्लं?"

"आईचं शेवटचं दुखणं तिनं काढलं. रात्ररात्र उशाशी बसली. तू फुलं पाठवली होतीस." ओदेतनं एक शेंग मोडली. "फुलं चांगली होती हो."

इतके दिवस अडलेलं ते वाक्य गिलेनच्या तोंडून आत्ताच बाहेर पडलं.

"मी परत जाणार नाही, ओदेत. इथंच राहायला आलेय. कायमची."

ओदेतनं चार दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"तिला विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी गिलेन वरच्या खोलीत पडून होती. अंग शिसं ओतल्यासारखं जड झालं होतं. फळ्यांच्या फटीतून उन्हाच्या बारीक रेघा पलंगावर पडल्या होत्या. बारा वाजले.

खालून ओदेतनं हाक मारली.

"गिलेन, सूप निवतंय."

ती उठून बसली. पायांनी चपला चाचपू लागली. ओ द्यायला तोंड उघडलं.

"आले गं," मागच्या दारातून उत्तर आलं.

आवाज तिचाच होता. फक्त शब्द डोंगराकडच्या लोकांसारखे ओढून बोललेले. तिनं ते वळण चाळीस वर्षांत कुठंतरी सांडलं होतं.

खुर्ची सरकली. कुणी काही बोललं, आणि ओदेत हसली. मोकळी, पोरीसारखी.

गिलेन हलली नाही.

"वर कुणी आहे का?" त्या आवाजानं विचारलं.

"कुणी नाही गं," ओदेत म्हणाली. "उन्हाळ्याची पाहुणी. जाईल."

मग खाली दोन चमच्यांचा आवाज सुरू झाला.