निधीचं वजन

लोक रविवारी सकाळी भाजी आणायला बाहेर पडतात, मी गाळ आणायला पडते. माझं कामच तसं. सडक्या पानांत, शेणात, तळ्यांच्या तळाशी असे सूक्ष्मजीव शोधायचे, जे भाताचा पेंढा खाऊन त्याचं इंधन करतील. शंतनु आणि मी पुण्याला एकत्र शिकलो, आणि पुढे बंगळूरला येऊन आम्ही दोघांनी मिळून एक लहानशी कंपनी काढली. कोरमंगलाच्या मागच्या गल्लीत, एका फर्निचरच्या गोदामावर आमची प्रयोगशाळा होती.

तर त्या रविवारी मी एचएसआर लेआउटच्या पलीकडच्या एका तळ्यावर गेले होते. अर्ध्याहून जास्त बुजलेलं तळं, तिन्ही बाजूंनी इमारती. शुभंकर, माझा नवरा, गाडीतच फोनवर बोलत बसला होता. निधी माझ्याबरोबर काठापर्यंत आली. सात वर्षांची होती तेव्हा. मी हातमोजे चढवेपर्यंत तिनं उघडा हात कोपरापर्यंत चिखलात घातला, मूठभर काळा गाळ काढला आणि माझ्या बाटलीत टाकला.

"आई, खाली गार गार आहे. आणि मऊ. कुणाचा तरी गाल असतो ना, तसं."

मी तिला रागावले आणि प्यायच्या पाण्यानं तिचे हात धुतले. घरी आल्यावर साबणानं पुन्हा धुतले. बास, एवढंच घडलं.

त्या गाळात जे सापडलं, त्याची आम्ही कित्येक वर्षं वाट बघत होतो. पेंढा त्यात घातला की दोन दिवसांत विरघळून जायचा. शंतनु तर वेडा व्हायचा बाकी राहिला होता. नव्या जिवाला नाव द्यायचं तर त्यानं लगेच काचपात्राच्या झाकणावर लिहिलं : निधी. "तिनंच तर काढलाय तो," तो म्हणाला. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं.

आम्ही तो जीव स्टीलच्या टाकीत वाढवायला घेतला. टाकीतून निघणारा वायू एका पाण्याच्या बाटलीतून बाहेर जायचा. बुडुक... बुडुक... दिवसभर तो आवाज, आणि खोलीभर ओल्या पेंढ्याचा गोडसर वास. मला त्या वासानं स्वस्थ बसवेना. काम संपलं तरी मी टाकीभोवती फिरत राहायचे, घरी आले की स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझारा घालायचे. शुभंकर म्हणायचा, "बस गं जरा, मला गरगरायला लागलंय."

पहिल्यांदा बोलल्या त्या महानंदा अक्का. समोरच्या फ्लॅटमधल्या. मूळच्या निपाणीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. शाळा सुटल्यावर निधी त्यांच्याकडे थांबायची. एका संध्याकाळी मी तिला आणायला गेले तर अक्का दारातच थांबल्या.

"नीलिमा, पोरगी स्वल्प हलकी झाल्यागत वाटतीया बघ."

"वाळली का? नीट जेवते तर."

"वाळली न्हवं गं. गाल बघ की, हाईत तसेच हाईत. पण आज सोफ्यावर झोपली, तिला उचलून आत घेतली तर..." त्यांनी वळून आत सोफ्याकडे पाहिलं. "सोफा दबलाच नव्हता बघ तिच्याखाली."

मी हसून टाकलं. पण रात्री निधीला कुशीत घेताना माझे हात आपोआप जास्त वर गेले. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी ना, तसं झालं. तिचे तळपाय गार होते. दिसायला मात्र तशीच, गोबरी, दोन वेण्यांची.

डॉक्टरांच्या काट्यावर ती चौदा किलो भरली. शाळेच्या तपासणीत तीच बावीस होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काटा बिघडलाय. मुलगी ठणठणीत आहे." रक्ताच्या तपासण्याही सगळ्या नीट आल्या. शुभंकरला तेवढं पुरलं. "काम तुझ्या डोक्यात गेलंय," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात शंतनु माझ्या टेबलाशी आला. चेहरा गोंधळलेला.

"नीलिमा, आपला हिशोब लागत नाहीये. पेंढ्यातून जितका कार्बन आत जातो, त्याच्यापेक्षा जास्त बाहेर येतोय. इंधनाचं अल्कोहोल आणि वायू मिळून."

"मोजण्यात चूक असेल."

"तीनदा मोजलं. यंत्रंसुद्धा बदलली." त्यानं वही माझ्यापुढे सरकवली. "काही नसताना काही येत नाही ना... कुठून तरी येतंय."

मी टाकीकडे पाहिलं. बुडुक. आणि कसं सुचलं सांगता येणार नाही, पण माझ्या दोन्ही हातांना ती रिकामी घागर आठवली.

पुढच्या सोमवारी आम्ही तो जीव शंभरपट मोठ्या टाकीत घालणार होतो. त्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी निधीला प्रयोगशाळेत घेऊन गेले. शंतनु मोठ्या टाकीची तयारी करत होता. पेंढ्याची पोती मोजायला आमच्याकडे जमिनीलगतचा काटा होता, त्यावर माझा विश्वास होता. मी निधीला त्यावर उभं केलं.

अकरा किलो आणि काही ग्रॅम.

"थांब, काटा तपासू," म्हणत शंतनु स्वतः उभा राहिला. त्र्याहत्तर. आकडा हलला नाही. निधी परत उभी राहिली, आणि मग आम्ही दोघंही बघत राहिलो. बाटलीत बुडुक झालं की काट्यावरचा शेवटचा आकडा एकानं उतरायचा. बुडुक... उतरला. बुडुक... उतरला. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली गल्लीत कुणीतरी कन्नडमधून नारळाचा भाव करत होतं.

"तिला खाली घे," शंतनु म्हणाला.

"वाफ सोड टाकीत. मारून टाक सगळं."

मला वाटलं होतं, तो वाद घालेल. त्याचं सगळं आयुष्य त्या टाकीत होतं. पण तो सरळ गेला आणि त्यानं वाफेचा व्हॉल्व्ह फिरवला. नळी फुसफुसली, टाकी कुरकुरायला लागली.

"आई..." निधी म्हणाली. "आई, भाजतंय."

तिच्या कपाळाला हात लावला आणि मी तो मागेच घेतला. गाल, मान, दंड लाल होत चालले होते. ओठ कोरडे पडले. "आई, बंद कर ना... आई गं..."

"बंद कर! शंतनु, बंद कर!"

त्यानं झडप घालून व्हॉल्व्ह बंद केला आणि थंड पाण्याचा प्रवाह सुरू केला. हळूहळू निधीचा लालपणा उतरला. ती माझ्या मांडीवर हुंदके देत पडली होती, आणि माझ्या मांडीला तिचा भार जाणवत नव्हता. शंतनु भिंतीला टेकून खाली बसला.

"मारता येत नाही," तो म्हणाला. "ठेवताही येत नाही."

"मग परत देऊ," मी म्हणाले.

"कुणाला?"

मी शुभंकरला फोन करून गाडी घेऊन बोलावलं. तो आला तो चिडूनच. मी फक्त म्हटलं, "हिला उचल." त्यानं निधीला उचललं, आणि त्याची चीड तिथंच गळून पडली.

टाकी रिकामी करून सगळं कॅनमध्ये भरलं. काचपात्रं घेतली, फ्रीझरमधल्या कुप्या घेतल्या, एकही मागे ठेवली नाही. तळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य इमारतींच्या मागे जात होता. पाण्यावर शेवाळाची साय होती. फिरायला आलेले लोक आमच्याकडे बघत पुढे जात होते. शंतनु आणि मी एकेक कॅन काठाशी ओतत होतो. शुभंकर निधीला छातीशी धरून मागे उभा होता. ती झोपली होती की आणखी काही, कळत नव्हतं.

ओतलेलं पाणी पसरत नव्हतं. ते सरळ खाली जात होतं, कुणीतरी घोटाघोटानं प्यावं तसं.

शेवटचा कॅन रिकामा झाला तसा मागून शुभंकरचा आवाज आला.

"नीलिमा... ही जड होतेय."

मी वळले. त्याचे हात खाली येत होते. तो गुडघ्यांवर बसला, आणि निधी त्याच्या मांडीवर एखाद्या भरल्या पोत्यासारखी टेकली. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "भूक लागलीय."

मी तिथं काठावरच बसून रडले. शंतनु रिकाम्या कॅनची झाकणं लावत राहिला, एकेक, सावकाश. कंपनी आम्ही महिन्याभरात बंद केली. तो आता पुण्यात शिकवतो. आम्ही फोनवर बोलतो, पण त्या रविवारचा विषय दोघंही काढत नाही.

निधी दुसऱ्या दिवशी बावीस किलो भरली. पाय उबदार. शाळेत गेली, भांडून आली, दोन वेळा वाढून घेऊन जेवली. संध्याकाळी अक्का तिची वेणी घालत होत्या. मी चहा घेऊन गेले तर त्यांचा हात निधीच्या कानापाशी थबकला होता.

"नीलिमा," त्या हळूच म्हणाल्या, "हिचे कान टोचलेले होते की गं."

होते. बारशाच्या आधीच टोचले होते, माझ्या आईच्या हट्टानं. मी वाकून पाहिलं. दोन्ही पाळ्या सपाट, गुळगुळीत, नवीन जन्मलेल्या बाळाच्या असाव्यात तशा. भोक नाही, खूण नाही.

सोन्याच्या कुड्या तिच्या उशीवर सापडल्या. दोन्हींच्या फिरक्या घट्ट लावलेल्या.

निधी आता दहा वर्षांची आहे. वर्गातल्या मुली डूल घालतात, तिलाही हवेत. बसवनगुडीतला एक सोनार हलक्या हातानं टोचतो म्हणतात. ती रोज विचारते, आणि मी रोज पुढच्या महिन्यावर ढकलते. तिला वाटतं, दुखेल म्हणून आई घाबरते. तसं नाही. कान टोचले की थेंबभर रक्त येतं ना... तिच्या कानातून काय येईल, ते मला बघायचं नाही.