विजेच्या बिलावरचं नाव

"या बाईंचं आटपेपर्यंत माझा मासा उन्हातच शिजणार!"

पुटपुटणं अगदी मानेमागे होतं. ब्रायनी वळली. टपाल कचेरीच्या रांगेत तिच्या मागे एक उंच, सावळा माणूस उभा. कानामागे पांढरंशुभ्र फूल, आणि चेहऱ्यावर त्या फुलाला मुळीच न शोभणारा वैताग.

"मग मासा आधी घरी ठेवून यायचं," ती म्हणाली.

"आणि माझ्या घरापासून इथवर परत पेट्रोल कोण जाळणार? मासा?"

खिडकीमागच्या बाई फिस्सकन हसल्या. ब्रायनीला मात्र हसू येईना. सकाळीच न्यूझीलंडच्या तिच्या बँकेने खातं गोठवलं होतं. तीन वर्षं ती मांडीवर लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरत, जाईल तिथून काम करत होती. बँकेचं पत्र भावाच्या पत्त्यावर गेलं. भाऊ ते घर केव्हाच सोडून गेलेला. पत्र परत. आता म्हणे राहता पत्ता सिद्ध करा. घराचा नंबर, शिवाय तुमच्या नावाचं वीजबिल. तोवर एक डॉलरही मिळणार नाही.

आणि ती सध्या राहत होती त्या रारोटोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटावर घरांना नंबरच नाहीत.

"चर्चच्या मागे, डोंगराच्या बाजूला, असं लिहा की," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "आम्हाला कळतं, तुमच्या बँकेला का कळू नये?"

यातली खरी गंमत पुढेच आहे. ब्रायनीचं कामच मुळी तिच्यासारख्या फिरस्त्यांना पैसा कसा सांभाळायचा ते शिकवण्याचं. महिन्याच्या पहिल्या दिवशी कराचे पैसे बाजूला काढा, तीन महिन्यांच्या खर्चाइतक्या शिलकीला हात लावू नका, आणि दोन देशांत दोन बँका ठेवा... नेमकी ती दुसरी बँक ती वर्षभर 'पुढच्या आठवड्यात' उघडणार होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"नंबरच हवाय ना?" मागचा वैताग अचानक मऊ झाला. "माझ्या घराला देतो. कितीचा आवडेल?"

"मी तिथं राहत नाही. खोटं कसं लिहू?"

"मग राहा. मी मागे होडीच्या शेडमध्ये झोपेन. तिथं डास कमी आहेत."

डासांचं हे साफ खोटं होतं. पण तिच्या खोलीचं भाडं शनिवारपर्यंतच भरलेलं होतं, आणि पाकिटात उरले होते एकतीस डॉलर. तिने नाव विचारलं. "तेइना," तो म्हणाला, आणि माशाकडे धावला.

दुसऱ्या दिवशी तेइनाने निळ्या रंगात दारावर भला मोठा सात काढला.

"सातच का?"

"एक काढला असता तर शेजारची तुआइने मावशी रुसली असती. तिला कायम पहिलं व्हायचं असतं."

वीज कचेरीत मीटर ब्रायनीच्या नावावर करायचा अर्ज भरणाऱ्या बाईंनी नाव लिहिलं, घर लिहिलं, आणि 'मालकाशी नातं' या रकान्यापाशी त्यांचं पेन थबकलं. त्यांनी दोघांकडे पाहिलं... आणि तिथं मुकाट्याने एक आडवी रेघ मारली.

बिल यायला महिना लागणार होता. त्या महिन्यात ब्रायनी विकत न घेता जेवायला शिकली. पायरीवर कधी पपई, कधी भाजलेला नीरफणस. कुणी ठेवलं, विचारलं तर सगळे आभाळाकडे बघायचे. तुआइने मावशी एकाच फडक्याखाली दोन ताटं पाठवायची आणि ताटं परत न्यायला येताना मोठ्याने खोकायची. संध्याकाळी ओसरीवर तेइना जाळं विणायचा, ती लॅपटॉपवर जमाखर्चाचे रकाने भरत काम करायची.

"तुझ्या त्या रकान्यांमध्ये माझा रकाना कुठला?" त्याने एकदा वाकून विचारलं. त्याच्या खांद्याला समुद्राचा वास होता.

"किरकोळ."

"किरकोळ!"

"...वाढत चाललाय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. कान तेवढे लाल झाले.

बिल आलं. बँक प्रसन्न झाली. खातं उघडलं, आणि त्याबरोबर सगळे रस्तेही. पुढच्या मंगळवारच्या विमानात जागा होती. मेक्सिकोतलं काम आधीच ठरलेलं. गावात कुणी काही बोललं नाही. पायरीवर त्या दिवशी मात्र तीन पपया होत्या.

पावसाची सर पत्र्यावर ताडताड वाजत होती. ब्रायनीने त्याच्या पुढ्यात एक लिफाफा ठेवला.

"सातशे डॉलर. भाडं, वीज, पेट्रोल, मासे."

तेइनाचा चेहरा उतरला. "मी खाणावळ चालवतो का गं?"

"घे ना."

"हे घेतलं म्हणजे तू मोकळी. मंगळवारी हात हलवत निघायला बरं!"

"तसं नाही रे!" ती म्हणाली. "महिनाभर तुम्ही सगळ्यांनी मला जपलंत. मावशींचे, तुझे उपकार मी कधी विसरणार नाही. पण रोज रात्री मी स्वतःला विचारते... मला इथं थांबावंसं वाटतंय ते या उपकारांपोटी, की... पैसे फिटल्याशिवाय मला ते कळणार कसं?"

 मग त्याने जाळं बाजूला ठेवलं, लिफाफा उचलला आणि, ज्याने जन्मात कधी सुटे पैसे मोजले नसतील त्या माणसाने, एकेक नोट मोजून घेतली. पूर्ण सातशे. खिशात घातले.

"फिटले," तो हळूच म्हणाला. "आता तू माझं काही देणं लागत नाहीस. मीही तुझं नाही. आता बघ बरं... काय उरलंय?"

पलीकडच्या ओसरीवरचं तुआइने मावशीचं खोकणं एकदम थांबलं.

ब्रायनीने डोळे मिटले. होतं तसंच होतं सगळं. उलट, थोडं जास्तच.

"तेइना, मी नाही जाणार," ती म्हणाली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर."