दोन बादल्या पाणी

डोणगावात मला सगळे 'कूलरवाल्या ताई' म्हणतात, आणि ते मला मुळीच आवडत नाही. आयटीआयत एसीचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झाले, तरी बारा वर्षं नशिबी काय, तर वाळ्याच्या ताट्या बदलणं आणि कूलरच्या जळलेल्या मोटारी भरून देणं. म्हणून मे महिन्यात जानेफळच्या राजकुमारचा फोन आला, "ताई, कॅरव्हॅनच्या टपावरचा एसी बंद पडला. जमते का तुमाले?" तेव्हा मी हातातला कूलर तसाच उघडा टाकून स्कूटीला किक मारली.

राजकुमारनं दोन महिन्यांपूर्वी ही जुनी कॅरव्हॅन घेतली होती. चाकांवरचं घरच ते! आत पलंग, शेगडी, बेसिन, आणि टपावर चपट्या पेटीसारखा पांढरा एसी. पहिलं बुकिंग आजचंच होतं. चार वाजता अकोल्याचे पाहुणे येणार, लोणारला जाणार.

"चारच्या आत गार झाली तं हिचं कायमचं काम तुमचं," तो म्हणाला. "दिवाळीले आणखी दोन गाड्या घेऊन राह्यलो. त्याईचंही तुमचंच."

'समता एसी सर्व्हिस'. "मग माझ्या नावाची पाटीच रंगवते," म्हटलं, आणि ती मला डोळ्यांसमोर दिसली. अक्षरं निळी. घड्याळात साडेबारा वाजले होते.

शिडी धरायला ड्रायव्हर भगवानराव होते. साठीचा, कमी बोलणारा माणूस.

"काका, कधी बंद पडला?"

"काल दुपारी. घरघर केली अन् बसला."

"त्याआधी काही केलं होतं?"

"काही नाही. रोजच्यासारखं पाणी टाकलं."

"पाणी? कुठं?"

"वरतं. त्या पेटीत. दोन बादल्या. सकाळी एक, दुपारी एक."

हसता हसता मी शिडीवरून पडायचीच बाकी होते. आमच्या वऱ्हाडात गार हवा म्हटली की माणूस आधी बादली शोधतो. एका गुरुजींनी तर भिंतीवरच्या एसीला वाळा बांधला होता, तो मीच सोडवला.

"काका, हा कूलर नव्हे. याले पाणी म्हणजे विष!"

"जेच्याकडून गाडी घेतली त्यानं सांगतलं होतं. पाणी चुकवू नोका म्हने."

"काऊन?"

"ते नाही सांगतलं," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी शिडी घट्ट धरली.

टप असा तापला होता की गुडघ्यांखाली पोतं घालून बसावं लागलं. झाकणाचे चार स्क्रू काढताना मी मनात यादी करत होते: गंज असेल, शेवाळ असेल, वायरी हिरव्या पडल्या असतील. दोन महिने रोज दोन बादल्या म्हणजे थट्टा नाही.

आत ठणठणीत कोरडं होतं. गंजाचा ठिपका नाही, पाण्याचा डाग नाही. धूळ इतकी सुकी की माझ्या श्वासानं उडाली.

असेल बुवा, म्हटलं. बिघाड मात्र लगेच सापडला. कपॅसिटर पुरीसारखा फुगला होता. तो बदलला, वायरी आवळल्या, जाळीत अडकलेला कापूस ब्रशनं काढला. हात नुसते पळत होते. बारा वर्षांत मला काम करताना इतकं सुख झालं नव्हतं. बटण दाबायला सांगितलं आणि कॉम्प्रेसरनं 'घुंऽऽ' करून दम धरला.

"आली! ताई, गार आली!" खालून राजकुमार ओरडला. मी टपावरच टाळ्या वाजवल्या.

शेवटचं काम राहिलं होतं. सर्व्हिसिंग झालं की मी पेटीच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतते आणि ते बाहेरच्या भोकातून पडतंय का ते पाहते. ओतलं. खाली थेंबही पडला नाही. भोक तुंबलं असेल म्हणून वाकून पाहिलं, तर ट्रे कोरडा.

"आत गळलं का?"

"नाही ताई. छत सुकंच हाये."

दुसरा तांब्या ओतला. या वेळी पापणीही लवू दिली नाही.

पाणी भोकाकडे गेलंच नाही. ते चारी बाजूंनी ट्रेच्या मध्याकडे सरकलं आणि तिथं संपलं. तापल्या तव्यावर पाणी जातं, पण तवा निदान चुरचुरतो. इथं ट्रे गार होता आणि आवाज कसलाच नव्हता.

मी मध्यभागी बोट टेकवलं. पत्रा अखंड होता. बोट उचललं तेव्हा टोकाची कातडी तडकलेली होती.

मग लक्षात आलं, मला घाम येत नव्हता. चव्वेचाळीस डिग्रीत. मघा चिंब भिजलेली बाही आता मिठानं कडक झाली होती.

फाटकाशी हॉर्न वाजला. पाहुणे आले होते.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण आनंद भीतीहून मोठा होता. उन्हानं डोकं फिरलं असेल, असं स्वतःला सांगितलं आणि चारही स्क्रू आवळले.

पाहुणे तिघं होते: प्रतीक्षा म्हणून एक बाई, तिचा नवरा आणि सहाएक वर्षांची मुलगी. मुलगी आत शिरली आणि गार झोताखाली हात पसरून गरगर फिरली. राजकुमार म्हणाला, "ताई, रंगवा पाटी!" मी माझ्या नंबराचं कार्ड एसीच्या जाळीशेजारी चिकटवलं.

भगवानराव भरलेली बादली घेऊन शिडीकडे निघाले.

"नोको काका! जळून जाईन मशीन."

मी त्यांच्या हातातून बादली घेतली आणि कडुलिंबाच्या बुडाशी रिकामी केली. राजकुमारलाही दम भरला, वर एक थेंब टाकायचा नाही.

भगवानरावांनी बादलीकडे पाहिलं. मग गाडीची किल्ली काढून राजकुमारच्या हातावर ठेवली.

"मी नाही जात."

राजकुमार चिडला आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसला. मी गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होते.

साडेसहाला मी पेंटरकडे निळा रंग निवडत होते, तेव्हा फोन आला. आवाज प्रतीक्षाचा होता, पण घोगरा, घसा सुकल्यासारखा.

"ताई, एसी एकदम भारी आहे हं. एकच विचारायचं होतं. पोरगी मघापासून रडतेय. थांबतच नाही."

"गार लागत असेल. कमी करा."

"नाही हो. ती रडतेय, पण डोळ्यांतून थेंबसुद्धा येत नाहीये. एसीनं असं होतं का?"