ज्या दिवशी बुटात खेकडा नव्हता

तळं फुटायच्या आत तासमातला पोचायचं होतं. काम एवढंच. पण वाट डोंगरावरून, डोंगर खवळलेला, आणि सोबतीला असा माणूस की ज्याला जंगलात जाताना छत्री लागते!

तो माणूस म्हणजे आमचे आतोबा. पाद्री अँब्रोज पेटिफर. कातडी त्यांची गोरी, गाव त्यांचं कुठंतरी थंडीतलं, पण आतोबा आमचेच. त्याचं असं झालं. हे जोडपं पहिल्यांदा बेटावर उतरलं तेव्हा माझ्या आजीनं पाद्रीणबाईंना आपल्या पानातलं सुरण भरवलं आणि जाहीर केलं, "ही माझी लेक!" झालं! इडिथबाई माझी आत्या झाली आणि पाद्री झाले आतोबा. आता आमच्याकडे आतोबाची खोडी काढणं हा भाच्याचा नुसता हक्क नाही, कर्तव्य आहे. आतोबानं चिडायचं नाही. चिडला तर डुक्कर द्यायचं. पहिल्या वर्षी आम्ही भरपूर डुक्कर खाल्लं!

मग आतोबा शिकले. रोज सकाळी ते फणसाच्या झाडाला आरसा टांगून दाढी करणार, घंटा वाजवणार, आणि बूट उलटा करून झटकणार. बुटातून शंखातला खेकडा टपकन खाली पडणार. मी ठेवलेला. मग ते कुंपणाकडे तोंड करून म्हणणार, "आभारी आहे, वोतेल." कुंपणामागे मी. तोवर आत्या ओसरीवर बसून कुणाचं गळू कापतेय, कुणाच्या खरजेला औषध चोळतेय, आणि मागं चुलीवर तिचा पाव करपतोय. त्यांच्या पलंगाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या डब्यांत उभे असत. त्या डब्यांत बेडकाची पिल्लं कोण सोडायचं ते विचारू नका. संध्याकाळी चहा. आतोबा रोज नाकातून विचारणार, "इडिथ, साखर कुठंय?" साखर रोज त्याच डब्यात! बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा ही नक्कल करायचं, पण माझ्याइतकी झकास कुणाला जमायची नाही.

खेकडा फक्त एकदा बंद पडला होता. आजी गेली तेव्हा. आतोबा रिकामा बूट हातात घेऊन माझ्या दारात आले. "काय झालं?" मी सांगितलं, घरातलं माणूस गेलं की भाच्याचं चेष्टेचं तोंड बंद. सुतक फिटेपर्यंत एक शब्द नाही. ते माझ्याशेजारी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. बरं वाटलं होतं.

तर आता गोष्ट. माझी बायको रोवाल, तिची धाकटी बहीण रोलास तासमातला नांदते. तासमात म्हणजे डोंगरापलीकडे, नदीच्या तोंडाशी. तिचं बाळंतपण अडलं म्हणून आत्या होडीनं गेली. आणि मग समुद्र असा उसळला की होडी घालायची सोय राहिली नाही.

त्या दिवशी पहाटे मी डोंगरावर होतो. माथ्यावर मोठं तळं आहे, त्याच्या काठच्या गरम मातीत रानकोंबड्या अंडी पुरतात. मी उकरलं. हात भाजला! अंडं फोडलं, तर ते उकडलेलं! आयतं! आधी मी हसलो. मग तळ्याकडे बघितलं. पाणी गढूळ पिवळं, काठोकाठ चढलेलं, खालून बुडबुडे. तासमातच्या बाजूचा मातीचा बांध पाझरत होता, आणि मी बघत असताना त्याचा एक लचका धपकन खाली गेला. त्या बाजूला पाणी सुटलं की नदीतून सरळ गावावर!

मी पळत खाली आलो. घंटेपाशी सगळे जमले होते. मी अंडी दाखवली.

"डोंगरानं उकडली म्हणे!" कुणीतरी ओरडलं. "मीठ पण लावलं का रे डोंगरानं?"

सगळे लोळून हसले. मी आईची शपथ घेतली, तर आणखी हसले. आईची शपथ मी याआधीही बऱ्याच वेळा घेतली होती.

रोवाल तेवढी हसली नाही. ती माझ्या कानाकडे बघत होती. "खोटं बोलताना हे डावा कान खाजवतात," ती म्हणाली. "आज हात कानाला गेला नाही." आणि तिनं दोरखंड खांद्यावर टाकला.

"पण तासमातवाले तरी तुमच्यावर विश्वास ठेवतील का?" तिनं मला विचारलं. "गेल्या वेळी 'शार्क किनाऱ्यावर चढला' म्हणून अख्खं गाव झाडावर बसवलंत ना?"

"मी येतो," मागून आवाज आला. आतोबा. डोक्यावर हॅट, हातात छत्री, पायात बूट. "मी आयुष्यात कधी विनोद केलेला नाही. माझं ऐकतील."

हे खरं होतं. प्रवचनातसुद्धा नाही.

निघालो. पुढं मी, मध्ये आतोबा, मागं रोवाल. जंगल गप्प होतं. पाखरू नाही, किडा नाही. नुसता आमच्या पायांचा चिखलातला आवाज. खाजऱ्या पानांची झाडं चुकवत, वेलींना धरत आम्ही चढत होतो, आणि दर थोड्या वेळानं पायाखालची जमीन झोपलेल्या डुकरासारखी घुरघुरायची. छत्री वेलीत अडकली. आतोबा ओढतायत, छत्री येत नाही, शेवटी उघडली आणि उलटी झाली. इतर वेळी मी त्यावर महिनाभर जगलो असतो! पण माझं लक्ष पायाखालच्या जमिनीकडे होतं. मी मुकाट्यानं छत्री सोडवून दिली.

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. कसंतरीच बघितलं. मी लक्ष दिलं नाही.

ओढा लागला. एरवी गुडघाभर गार पाणी. आज त्यातून वाफ निघत होती आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वर एक पडलेलं झाड आडवं होतं, शेवाळलेलं. मी ओलांडलं. आतोबा मध्यावर आले आणि बूट सटकला! ते बुंध्याला मिठी मारून लोंबकळले. खाली वाफ! रोवालनं दोर फेकला, मी ओढला, ती मागून ढकलत आली. कसेबसे पलीकडच्या काठावर पडलो. आतोबांचा एक बूट ओढ्यात गेला. शिजला असेल.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. आणि पुन्हा तसंच बघितलं. चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, घाबरले. सगळेच घाबरलो होतो!

मग खरोखरच राख पडायला लागली. दुपार होती, पण ढग असे खाली आले की पुढच्याची पाठ दिसेना. राख केसांत, डोळ्यांत, दातांत. जंगल संपून उघडं रान लागलं होतं, आणि त्यातून एक खोलगट घळ पार करायची होती. पलीकडे चढ, चढावर खिंड, खिंडीखाली तासमात. घळीत सडक्या अंड्यांचा वास कोंदला होता. एक रानडुक्कर आडवं पडलेलं, अंगावर जखम नाही. नुसतं मेलेलं.

"वारा आहे तोवर पळा," मी म्हणालो. "खाली वाकू नका. विषारी हवा खाली बसते. थांबायचं नाही!"

आम्ही पळालो. घळीच्या मध्यावर आतोबा थांबले.

"आतोबा, चला!"

ते खाली बसले. गुडघ्यांवर! हॅट काढून छातीशी धरली.

"सांग, वोतेल," ते म्हणाले. "मला सांग. इडिथ गेली ना?"

"काय?"

"आज बुटात खेकडा नव्हता. छत्री उलटी झाली, तू हसला नाहीस. बूट गेला, तू हसला नाहीस. सकाळपासून एक वाकडा शब्द नाही." त्यांचा आवाज फुटला. "तासमातहून निरोप आला असणार. तू लपवतोयस. मला तिथं तिला पुरायला नेतोयस."

वारा पडत होता. राख सरळ रेषेत खाली यायला लागली होती.

"आत्या ठणठणीत आहे! निरोप-बिरोप काही नाही! मी नुसता घाबरलोय, आतोबा! देवाशप्पथ!"

"दुःखात माणसं असंच सांगतात." त्यांनी डोळे मिटले. प्रार्थना सुरू! मी काखेत हात घालून ओढलं. हलेचनात. मोठा माणूस, त्यात मनानं खचलेला. खोकायला लागले. माझंही डोकं गरगरायला लागलं. रोवाल दुसरा हात ओढत होती. तिचे ओठ निळे पडले होते.

"अहो, चेष्टा करा त्यांची!" ती किंचाळली.

"काय?"

"चेष्टा कर रे मेल्या! जन्मभर दुसरं केलंस काय? आज लागतेय तर तोंड शिवलं का!"

आणि मला काही सुचेना! खरं सांगतो. अख्ख्या बेटाला झाडावर चढवणारा मी, आणि डोक्यात नुसती राख. डुकराचा मेलेला डोळा माझ्याकडे बघतोय. काय हसायचं? कुणाला हसायचं?

मी हॅट हिसकावली. का ते माहीत नाही. हॅट पाठीमागं कमरेखाली धरली, कोंबडीच्या शेपटासारखी. ढुंगण हलवलं. आणि नाकातून आवाज काढला.

"इडिऽऽथ! साखर कुठंऽऽय?"

आवाज चिरकला. भीतीनं. पण आतोबांचा एक डोळा उघडला.

"इडिथ! साखर बुटात आहे काय? बूट ओढ्यात आहे काय? ओढ्याचा चहा झाला, इडिऽऽथ, साखर आणा!" मी क्लक-क्लक करत चढाकडे पळालो. मागं वळून बघितलं, हॅट हलवली. "प्रिय बंधूंनो! तुमचा पाद्री एक बूट घालून स्वर्गात चाललाय! दारावर देव विचारेल, दुसरा कुठंय?"

आतोबा बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून काहीतरी निघालं, खोकला होता की रडू, कळलं नाही. "जिवंत आहे?" ते म्हणाले. "इडिथ जिवंत आहे?"

"पाव करपवत असेल!"

"माझी हॅट दे, हरामखोरा!"

आणि उठले! एक बूट, एक अनवाणी पाय, पळत सुटले! रोवाल त्यांना मागून ढोसत होती. मी पुढं शेपूट हलवत. चढ लागला, हवा हलकी झाली, वारा तोंडावर आला, आणि आम्ही तिघं खिंडीत पालथे पडून हसत होतो, ओकत होतो, रडत होतो.

खाली तासमात दिसलं. निवांत! चुलींचा धूर वर येत होता.

घसरत उतरलो. मी ओरडलो, "पळा! तळं फुटतंय! वर चढा!"

"आला रे आला!" तासमातचा म्हातारा मुखिया मारोस हसत पुढं आला. "आज शार्कला पंख फुटले का?"

"आतोबा, तुम्ही सांगा!"

आतोबांनी तोंड उघडलं. आणि हसू आलं त्यांना! घळीतलं हसू अजून संपलं नव्हतं. अंगभर राख, एक बूट, दम लागलेला, आणि माणूस हसतोय, डोळ्यांतून पाणी काढत. "तळं..." म्हणाले, आणि पुन्हा हसले.

"पाद्री पण सामील!" गाव टाळ्या पिटायला लागलं. "शाब्बास पाद्री! शेवटी शिकलात!"

मला वाटलं, मेलो. नदीकडे बघितलं. नदी आटत होती. वर कुठंतरी दरड पडून पाणी अडलं होतं. आता सुटलं की सगळंच एकदम!

आतोबांनीही ते बघितलं. हसू थांबलं. पण आता बोलून उपयोग नव्हता, ते त्यांना कळलं. ते वळले आणि सरळ बाळंतिणीच्या झोपडीकडे चालायला लागले.

त्या झोपडीत पुरुष जात नाही. नवरा नाही, बाप नाही, कुणीच नाही. आणि हे आतोबा! इतकी वर्षं आत्याला अशा झोपडीत निरोप द्यायचा तर लांब झाडाखाली उभे राहून खोकत बसायचे. ते वाकले आणि आत शिरले. आतून बायकांची किंकाळी. मग आतोबा बाहेर आले. हातांवर रोलास, अशक्त, चटईत गुंडाळलेली. मागं आत्या, छातीशी बाळ, औषधाची पेटी तिथंच टाकून. नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि तिनं खिंडीची वाट धरली.

मारोस वळून गरजला, "हे कुणी मस्करीत करत नाही! उठा! डुकरं सोडा, होड्या सोडा, पोरं घ्या! वर!"

गाव चढलं. म्हातारी माणसं पाठींवर, पोरं काखेत. शेवटची माणसं खिंडीच्या अर्ध्यात होती तेव्हा तो आवाज आला. तो कसा होता ते मला सांगता येत नाही, आणि मी सहसा कशाचीही नक्कल करतो. चिखल, झाडं, घराएवढे दगड! घरं गेली, होड्या गेल्या, आत्याची पेटी गेली, सुळ्यांची मानाची डुकरं गेली. गाव होतं तिथं तपकिरी समुद्र झाला. माणूस मात्र एक गेलं नाही. एकसुद्धा!

घळीकडून कुणीच परत जाणार नव्हतं. खिंडीतच थांबलो. सकाळी राख थांबली. आत्या बाळाला पुसत होती, रोवाल बहिणीच्या डोक्यापाशी बसली होती. मी जरा बाजूला दगडावर बसलो होतो. कुणी हाक मारली तरी ओ देता येईना. डोळे मिटले की ते डुक्कर दिसायचं.

तंबाखू ओढावी म्हणून मी झोळीत हात घातला.

आईगंऽऽ! बोट! मी टुणकन उडालो, झोळी फेकली, नाचलो. बोटाला शंखातला खेकडा लटकलेला!

सगळी खिंड हसली. उलट खोडी काढायचा आतोबाला हक्कच नाही! असं कधी झालेलंच नाही! मी वळून बघितलं. आतोबा अनवाणी बसले होते. उरलेला बूट शेजारी. हातात तासमातच्या पोरांनी खेकडा आणलेली नारळाची करवंटी, चेहरा प्रवचनाइतका गंभीर.

"फार गप्प होतास, वोतेल," ते म्हणाले. "म्हटलं, कुणी गेलं की काय."

"नाही, आतोबा," मी म्हणालो. इतक्या वेळानं आवाज फुटला. "कुणी नाही गेलं."

"मग माझी हॅट दे."

हॅट माझ्याखाली होती. चपटी. मी ती काढून, झटकून, दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी घालायच्या आधी ती उलटी करून आत नीट बघितलं.